जिनिंगच्या आवारातली सावली

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणाऱ्यांतली. आमच्या घरात कधी कुणाची दृष्टसुद्धा काढली नाही. त्यामुळे हे इथे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले... हसलात तरी चालेल, पण खोटं काही नाही.

मी मूळची बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीची. आई गेल्यावर मावशीने मला डोणगावला आणलं. बोंडअळीने लागोपाठ दोन वर्षं कापूस खाल्ला, तेव्हा तिने शेत सोडून जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायचं काम धरलं, पण माझं कॉलेज सुटू दिलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, ती तिच्यामुळे.

आता मी नकाशांचं काम करते. उपग्रहाच्या फोटोवरून घरं, रस्ते, झाडं कॉम्प्युटरवर रेखाटायची आणि प्रत्येकाची उंची भरायची. मग सॉफ्टवेअर सांगतं, उन्हाळ्यात कोणती जागा किती तापेल. उंची काढायची सावलीवरून. सावली जितकी लांब, तितकं झाड उंच.

डोणगावच्या वस्तीचं काम आमच्याकडे आलं, त्यात मावशीचं जिनिंगही होतं. आदल्या उन्हाळ्यात मावशी तिथे चक्कर येऊन पडली होती. मालकांना बायांच्या विसाव्यासाठी शेड बांधायचं होतं, जागा आम्ही सुचवायची. मी हे काम मागून घेतलं.

फोटोत आवाराच्या मधोमध दाट, गोल सावली होती. वरून झाड नीट दिसत नव्हतं, पण सावली आहे म्हणजे झाड आहे, असं धरून आम्ही काढतोच. मीही काढलं. मॉडेलमध्ये सगळं आवार तापून लाल आणि तेवढा एक गार, निळा ठिपका... मला आनंदच झाला. झाडाला लागून शेड, आणखी काय पाहिजे?

नियमाप्रमाणे जागा बघायला गेले. भर दुपार होती. मधोमध झाड नव्हतं. नुसती मोकळी जमीन, आणि चारी बाजूंनी कापसाचे ढीग.

कापसाच्या वजनकाट्यावर रफिकभाई होते. मला लहानपणापासून ओळखतात.

"निंब होता ना इथं," ते म्हणाले. "बीटीचं बियाणं आलं, माल वाढला, ढिगाले जागा पुरे ना. तोडला. तुमी शाळेत होत्या तवा."

"मग आता जागा रिकामी काऊन ठेवली?"

"तिथं टाकलेला कापूस ओला निघते, ताई. कोरडा टाका, सकाळी ओला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक हमाल झोपला होता तिथं दुपारचा. उठवला तं अंग बर्फावानी. जगला, पण काम सोडून गेला. म्हणे, मले ऊनच लागत नाही आता."

मी हसले आणि त्या जागेवर जाऊन उभी राहिले. वर स्वच्छ ऊन, डोळे दिपत होते. सहज खाली पाहिलं — माझी सावली नव्हती. झाडाखाली उभं राहिल्यावर नसते, तशी. पायांना गारवा लागत होता. एक पाऊल मागे घेतलं, तर सावली परत पायाशी.

ऑफिसात येऊन नकाशातलं झाड पुसलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं. तिथे आता लाल यायला हवं होतं. निळंच आलं. सर म्हणाले, जुनी फाइल उचलली जात असेल, नवीन बनव. नवीन बनवली. निळंच.

शेड मी तिथून शक्य तेवढं लांब, फाटकाजवळच्या भिंतीला लागून सुचवलं. कारण लिहिलं, "कापसाच्या ढिगांपासून लांब, आगीपासून सुरक्षित". शेड झालं. मावशी फोनवर म्हणाली, "तुह्या नावानं बसतो व माय आमी सावलीत." त्या दिवशी मला शिकल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात नवीन फोटो आला. आवाराचा मधला भाग कोरा होता. आणि फाटकाजवळ, शेडच्या पत्र्यांवर... तीच गोल, दाट सावली. पत्र्यांवर सावली पाडेल असं वर काहीच नव्हतं.

मी तशीच निघाले. मावशी शेडच्या बाहेर उघड्या उन्हात बसली होती, अंगावर शाल.

"काऊन व मावशी, उन्हात बसली?"

"आत लय थंडी वाजते. पयले बरं वाटे." तिने शाल ओढून घेतली. "आता बाहेर बसलं तरी ऊन लागत नाही मले. तू काऊन अशी पाहून राह्यली?"

मी तिच्या शेजारी जमिनीकडे पाहत होते. तिथे एकच सावली होती. माझी.

त्याच दिवशी तिचं काम सोडवून तिला माझ्याकडे घेऊन आले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल. वय झालं, म्हणाले. शेडमध्ये आता कुणी बसत नाही, असं रफिकभाई सांगतात. मावशी गच्चीवर शाल पांघरून बसते आणि माझ्याच शिक्षणाचं कौतुक शेजारणींना सांगते.

मला यातलं काहीही समजावून सांगता येत नाही. नवीन फोटो आला की मी आधी आमच्या घराची गच्ची शोधते. मागच्या वेळी तेवढाच भाग ढगाखाली होता... असं सर म्हणतात.