देवघरातला सरदार

आमच्या देवघरात टाकांच्या रांगेत एक कथलाचा घोडेस्वार आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा. आई त्याला रोज भंडारा लावते. खरं तर तो देव नाही. तो आदिलशाही फौजेचा सरदार आहे. माझ्या मित्रानं पुण्यात वसतिगृहाच्या खिडकीत बसून त्याला रंगवलं होतं.

मी अणदूरचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. पुण्यात पहिलं वर्षभर मी वर्गात मागं बसायचो आणि कुणी काही विचारलं तर आधी मनात वाक्य जुळवायचो. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. खोलीतला हा मित्र मात्र थांबायचा. त्याच्या घरून आलेला डबा तो न विचारता माझ्यापुढं सरकवायचा. माझं पदवीपर्यंत निभावलं, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

एका रविवारी तो मला एका गॅरेजात घेऊन गेला. तिथं मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गढी मांडलेली, आणि दोन्हीकडं चिमुकल्या फौजा. टेपनं अंतर मोजून सैनिक पुढं सरकवायचे आणि मार किती बसला ते फाशांवर ठरवायचं, असा खेळ. नियम एकच कडक होता : आपली फौज आपण रंगवायची. कोरं कथील टेबलावर उभं करायचं नाही. मला खेळापेक्षा एक गोष्ट जास्त आवडली. इथं समोर कुणीतरी बसायचं आणि माझी चाल होईपर्यंत वाट बघायचं.

पुणं सोडताना आम्ही ठरवलं. आदिलशाही मी रंगवायची, मुघल त्यानं, आणि लढाई नळदुर्गाखाली. इतिहासात अशी लढाई नाही; ती आमचीच होती. निघायच्या दिवशी त्यानं माझ्या हातात हा सरदार ठेवला. तांबडा घोडा, हिरवा शेला, आणि ब्रश घसरल्यामुळं एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा.

"असू दे," तो हसून म्हणाला, "त्या डोळ्यानं तो तुझ्यावर लक्ष ठेवील."

मला उमरग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. एसटीनं जाऊन-येऊन करायचं. मित्र हैदराबादला गेला. रविवारी दुपारी मी दाराशी उजेडात बसायचो आणि बाटलीच्या बुचावर सैनिक चिकटवून रंगवायचो. आधी पांढऱ्या रंगाचा एक हात, मग कपड्यांचे रंग, शेवटी काळ्या रंगाचं पातळ पाणी, म्हणजे ते चुण्यांत उतरून सुरकुत्या दिसतात. मोबाइलवरचे परदेशी लोक सैनिकांच्या पायाखाली हिरवं गवत लावतात. मी आमच्या रानातली काळी माती चाळून लावली.

शेजारचे चुलते येता-जाता थांबायचे.

"काय सायेब, भरती चालू हाय का? आमाला घ्या की शिपाई म्हनून."

"तुमची उंची जास्त झाली, काका."

"लगीन कर बाबा. मंग पोराच्या खेळन्याला हात लावला तर कुनी हासत न्हाय."

मी हसायचो. रंगवलेला एखादा बंदूकवाला चांगला जमला की फोटो काढून मित्राला पाठवायचो. आधी लगेच उत्तर यायचं. पुढं नुसता अंगठा यायला लागला. त्याची मुघल फौज कुठवर आली हे मी विचारायचो, तेव्हा तो म्हणायचा, "चाललंय रे."

सरदार देवघरात गेला तो एका सकाळी, मी अंघोळीला गेलो असताना. बाहेर आलो तर तो टाकांशेजारी, डोक्यापासून खुरापर्यंत पिवळा.

"आई, अगं तो खंडोबा नाही!"

"घोड्यावर बसलाय न्हवं? आन् दिला कुनी? तुझ्या त्या दोस्तानं. परक्या गावात ज्यानं माझ्या लेकराला उपाशी ठिवलं न्हाय, त्येची वस्तू बुचाबाटल्यांत ठिवू व्हय?"

"पण लढाईच्या दिवशी तो लागेल मला."

आईनं जरा विचार केला. आमच्या गावचा खंडोबा वर्षातले थोडे दिवस नळदुर्गाला जातो आणि परत अणदुराला येतो; दोन्ही गावांत तसा करारच आहे. आईला ते आठवलं असावं.

"मंग त्या दिशी न्हे. पर सांजच्याला आनून ठिवायचा. बोली म्हंजे बोली."

मी कबूल केलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मित्राचा फोन आला. रविवारी तो गाडीनं हैदराबादहून पुण्याला निघणार होता, बायको आणि मुलासोबत. अणदूर वाटेवरच आहे. "थांबतो तुझ्याकडं. मुघलही आणतो," तो म्हणाला.

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. दोन बाजा जोडून वर फळ्या टाकल्या. थर्माकोलचा किल्ला केला, फेविकॉलवर निळा रंग ओतून बोरी नदी वाहती केली. माझी सगळी फौज मांडली, समोर एक खुर्ची ठेवली. फक्त सरदाराची जागा मोकळी. मित्र आल्यावर त्याच्यासमोरच सरदाराला देवघरातून आणायचं, असं मी ठरवलं होतं.

ते दुपारी आले. मित्र अंगानं सुटला होता, केस मागं गेले होते, हसणं तेच होतं. टेबल बघून तो दारातच थांबला.

"बाप रे! अरे, तू खरंच केलंस हे?"

मग त्यानं गाडीतून खोकं आणलं. मी उघडलं. आत मुघल फौज होती, कोरी. बरेचसे शिपाई कागदाच्या पुड्यांतून बाहेरही आले नव्हते.

"वेळच नाही मिळाला रे. आता घर बदलतोय, तिकडं जागा नाही. म्हटलं, तुझ्याकडं राहतील तर सांभाळशील. तूच रंगव."

"हो," मी म्हणालो. "रंगवतो की."

वहिनींना फार रात्र व्हायच्या आत पुणं गाठायचं होतं. त्यांनी आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागून घेऊन खाल्ली. निघताना आई म्हणाली, "देवाला हात जोडून जावा. लांबची वाट हाय."

तिघं देवघरापुढं वाकले. मुलगा सरदाराजवळ नाक नेऊन बघत होता.

"बाबा, या बाप्पाचा एक डोळा मोठा का आहे?"

मित्रानं खाली वाकून अगदी जवळून पाहिलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो.

"त्या डोळ्यानं तो तुझ्यावर लक्ष ठेवतो," तो म्हणाला, आणि हात जोडून त्यानं डोकं टेकवलं.

मी बोलणार होतो. पण वहिनी चपला घालत होत्या, आणि सांगून त्याला आठवलं असतं तर त्याला वाईटच वाटलं असतं. भंडाऱ्याचा थरही जाड होता. गाडी हायवेला लागेपर्यंत मी हात हलवला.

घरात आलो तर आई देवघरापाशीच बसलेली.

"वळखला का रं त्येनं? म्या मुद्दाम बोलले न्हाय. म्हनलं, सोताच वळखू द्यावं."

"व्हय," मी म्हणालो, "वळखला की."

"कशावरनं?"

"डोळ्यावरनं."

आईचं तोंड उजळलं. तिनं सरदाराला चिमूटभर भंडारा आणखी लावला. "आता न्हेतूस का लढाईला?"

"असू दे आज."

ती भांडी घासायला गेली. मी टेबलाशी बसलो. पुड्या सोडून कोरे मुघल एकेक करून नदीपलीकडं उभे केले. नियमात ते बसत नव्हतं. पण हरकत घ्यायला समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं.