नेव्हिलने झाकलेलं नाव

नेव्हिल टनिक्लिफ माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लाँग्टनच्या चिनी मातीच्या कारखान्यात तो झिलईच्या खात्यात होता. भाजलेली कोरी बशी पिंपात बुडवायची, मनगटाला हिसका द्यायचा आणि फळीवर ठेवायची, हे दिवसातून हजारदा. माझी बहीण ग्लेनिस वरच्या मजल्यावर रंगकामाला होती आणि मी खाली कपांना मातीचे कान जोडायचे.

नेव्हिल इतका अबोल की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो चुकून आत आल्यासारखा दिसतो. कारखान्यात वीस वर्षं काढल्यावरही मुकादम त्याला कधी नॉर्मन म्हणायचा, कधी नील. तो दुरुस्त करायचा नाही. त्याला एकच वेड होतं, नॉर्दर्न सोलच्या रेकॉर्डी. साठच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी काढलेल्या छोट्या तबकड्या. तिकडे ज्या गाण्याला कुत्र्यानेही विचारलं नाही, त्यावर इकडे आमची पोरंपोरी जीव टाकायची. रेकॉर्ड जितकी दुर्मिळ तितका ती लावणारा मोठा.

दर रविवारी दुपारी दोन ते आठ रेल्वे कामगारांच्या क्लबात वरच्या हॉलमध्ये नाच असायचा. मी दाराशी बसून तिकिटं फाडायचे. माणसं डर्बीहून, ब्लॅकपूलहून यायची, पिशवीत बदलायचे कपडे आणि पाय सहज सरकावेत म्हणून जमिनीवर टाकायला पावडरीचा डबा घेऊन. तिथे रेकॉर्डी लावणाऱ्या पाच-सहा जणांपैकी नेव्हिल एक होता. त्याला अर्धा तास मिळायचा, तोही सुरुवातीला, लोक अजून कोट काढत असताना.

त्र्याहत्तर साली त्याने एका व्यापाऱ्याकडून न बघता रेकॉर्डींचं एक खोकं घेतलं. अमेरिकेतून वजनावर आलेला माल, बहुतेक सगळं टाकाऊ. शनिवारी सकाळी त्याने ते स्वयंपाकघरात उघडलं. ग्लेनिस ओटची धिरडी गरम करत होती, मी चीज किसत होते. तो एकेक तबकडी लावून बघत होता आणि बाजूला टाकत होता. मग एक लागली आणि ग्लेनिसचा हात तव्यावरच थांबला.

एक बाई गात होती. सुरुवातीला नुसता ढोल, आणि त्यावर तिचा आवाज असा यायचा, की जणू ती पळत पळत जिना चढून आली आहे आणि दार उघडल्याबरोबर सांगायला लागली आहे. धिरडं करपलं. नेव्हिलने सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली.

लेबलवर नाव होतं ओडेसा ग्रिग्ज. खाली गावाचं नाव, टोलेडो. बस्स.

त्या रात्री त्याने कोरा कागद गोल कापला, लेबलवर डिंकाने चिकटवला आणि वर लिहिलं, ‘जिनी मार्श’. आमच्यात ही रीतच होती. खरं नाव कळलं की दुसरे लोक दुसरी प्रत शोधून काढणार, म्हणून नाव झाकायचं. तीन-चार महिने, फार तर वर्षभर. मग कुणीतरी शोधून काढायचं आणि सगळे हसायचे.

नेव्हिलने झाकलेलं नाव कुणालाच सापडलं नाही.

त्या एका गाण्याने त्याला माणसांत आणलं. सुरुवातीच्या अर्ध्या तासाऐवजी त्याला सहाची वेळ मिळाली, हॉल भरलेला असतानाची. लोक जिन्यावरूनच मला विचारायचे, “नेव्हिल आलाय ना?” ढोल सुरू झाला की चारशे माणसं एकदम वळायची, आणि तो वर टेबलामागे मान खाली घालून उभा असायचा, कान लाल झालेले. कारखान्यातला मुकादमसुद्धा त्याला नेव्हिल म्हणायला लागला, कारण मुकादमाची मुलगी नाचायला यायची.

वुल्व्हरहॅम्प्टनचा डेस्मंड प्रॉबर्ट म्हणून एक जाडा, हसरा माणूस होता. रेकॉर्डींचा मोठा संग्रह त्याच्याकडे. तो दर रविवारी नेव्हिलच्या मागे लागायचा.

“जिनी मार्श म्हणे. अरे, निदान बाई काळी की गोरी एवढं तरी सांग.”

“आवाज ऐक की,” नेव्हिल म्हणायचा.

“तुझी बायको तर नाही ना गात?”

“ग्लेनिस गायली असती तर तू इथे आला नसतास.”

लोक हसायचे. पूर्वी नेव्हिल असं कुणाला बोलला नव्हता.

ग्लेनिसने एकदोनदा विषय काढला होता. “त्या बाईला कळायला नको का, इथे काय चाललंय ते?” तो म्हणायचा, “कळवू गं. पुढच्या वर्षी नाव उघडं करतो, मग आपोआप कळेल.” आणि पुढचं वर्ष आलं की त्याच्या पुढचं. मीही कधी जोर केला नाही. माझा भाव पण त्याच्यामुळे वधारला होता. दाराशी बसलेली ‘नेव्हिलची मेव्हणी’.

अशी बारा वर्षं गेली.

पंच्याऐंशीच्या वसंतात हॅनलेला चिनी मातीच्या भांड्यांचं एक प्रदर्शन भरलं. आम्ही दोघी बहिणी बघायला गेलो. एका काचेच्या पेटीत पाण्याचा एक जग होता, निळा, त्यावर जर्दाळू रंगाची काटेरी फुलं. ग्लेनिस त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेचना. तो तिने रंगवला होता. नुसता रंगवला नव्हता, ती फुलं तिने मनाने काढली होती, आईच्या परसातली. खाली चिठ्ठी होती. तिच्यावर आमच्या कारखान्याच्या मालकाच्या जावयाचं नाव होतं, आणि वर्ष.

“सांगूया का कुणाला?” मी म्हटलं.

“काय सांगायचं?” ती म्हणाली. “चल, बस चुकेल.”

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर कोट न काढताच खुर्चीवर बसली. नेव्हिल चहा ओतत होता.

“माझा जग ठेवलाय तिथे,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं नाव घालून.”

“हरामखोर,” नेव्हिल म्हणाला.

“असं म्हणू नकोस.” तिने कप हातात घेतला पण प्यायली नाही. “तूही तेच करतोस. बारा वर्षं. त्याने निदान खऱ्या माणसाचं नाव लावलं. तू तर नसलेल्या बाईचं लावलंस.”

नेव्हिल किटली हातात धरून तसाच उभा राहिला. मी माझा कोट घेतला आणि निघाले.

पुढच्या शनिवारी तो मँचेस्टरच्या मोठ्या वाचनालयात गेला. तिथे परदेशातल्या टेलिफोन डिरेक्टऱ्या असतात. टोलेडोतले जेवढे ग्रिग्ज मिळाले, एकोणीस, तेवढ्यांचे पत्ते त्याने उतरवून आणले आणि एकोणीस पत्रं लिहिली. त्याचं अक्षर फार सुरेख होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जून संपता संपता एक उत्तर आलं. ओडेसाच्या मुलीचं. जॅनेल म्हणून.

ते पत्र ग्लेनिसने आम्हाला वाचून दाखवलं. आई ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात वारली, छातीच्या दुखण्याने. एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करायची. रेकॉर्ड काढली तेव्हा बावीस वर्षांची होती. पाचशे प्रती निघाल्या आणि ज्याने काढल्या तो महिन्याभरात गाव सोडून गेला. राहिलेली खोकी तळघरात होती, तिथे पाणी शिरलं, मग फेकून दिली. घरात एकही प्रत नाही. जॅनेलने ते गाणं कधी ऐकलेलंच नव्हतं. आई चर्चमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसायची आणि ओठ हलवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, मी एकदा गायले होते, कुणी ऐकलं नाही.

आणि पत्राच्या शेवटी विचारलं होतं: तुम्ही हे गाणं कधीपासून लावता? किती लोक ऐकतात?

नेव्हिल दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आला. एकटा. मी भांडी घासत होते. तो दारातच उभा राहिला.

“रविवारी किती माणसं असतात गं?”

“तुला माहीत आहे की.”

“तिकिटं तू फाडतेस.”

“चारशे. कधी साडेचारशे.”

“पहिल्यापासून?”

“त्र्याहत्तरच्या नाताळापासून तरी.”

तो दारातून आत आला. मग म्हणाला, “काही माणसं, असं लिहिलं तर? काही माणसं, अधूनमधून.”

“खोटं लिहायचं असेल तर मला कशाला विचारतोस?”

त्याने मान हलवली. माझ्या टेबलाशी बसून त्याने तिथेच लिहिलं, माझ्याच कागदावर. त्र्याहत्तर सालापासून, दर रविवारी, चारशे माणसं. तुमच्या आईचं नाव मी कागदाखाली झाकून ठेवलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला रेकॉर्ड मिळू नये असं मला वाटत होतं. हे वाक्य लिहून तो थांबला. मग लिहिलं, ती हयात असताना नऊ वर्षं. हे तिने विचारलं नव्हतं. आकडा त्याने स्वतः घातला.

रविवारी न्यायच्या आधी त्याने किटलीच्या वाफेवर रेकॉर्ड धरून तो कागद सोडवला. डिंक बारा वर्षांचा. कागदाबरोबर खालचं लेबलही निघालं. नाव सगळं गेलं, टोलेडो तेवढं राहिलं. तो ते ओले तुकडे बशीत जुळवत बसला होता. ग्लेनिस म्हणाली, “राहू दे आता.”

हॉलमध्ये त्याने माइक हातात घेतला. त्याला बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला की ही बाई जिनी मार्श नाही, हिचं नाव ओडेसा ग्रिग्ज, टोलेडोची, आणि ती तीन वर्षांपूर्वी वारली, तिला यातलं काही कळलं नाही, आणि ते माझ्यामुळे. आज शेवटचं लावतो. मग ही तबकडी तिच्या मुलीकडे जाणार.

गाणं लागलं. काही जण नाचले. बरेच जण नुसते उभे होते, नाचावं की नाही ते कळेना. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. पुढच्या रांगेतली एक बाई, कीलची शाळामास्तरीण, रडत रडत नाचत होती.

नंतर डेस्मंड टेबलाशी आला. “बारा वर्षं आम्हाला येडं बनवलंस, ते ठीक,” तो म्हणाला. “पण फुकट देऊन टाकतोस? असली तबकडी? लेका, टपालात फुटेल ती.”

“नाही फुटणार,” नेव्हिल म्हणाला. “आम्ही चिनी माती पाठवतो जगभर.”

खरंच, कारखान्यातल्या पॅकिंगच्या बायकांनी ती बांधली. दोन जाड बश्यांच्या मध्ये, गवतात, पेटीत. बश्या ग्लेनिसने रंगवलेल्या होत्या. मागे तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, नियमात बसत नव्हतं तरी.

सप्टेंबरात जॅनेलचं दुसरं पत्र आलं. छोटं होतं. रेकॉर्ड पोचली, फुटली नाही. मी ती एकटीने ऐकली, मग मुलांना ऐकवली. आईचा आवाज इतका तरुण होता हे मला माहीत नव्हतं. तुम्ही खरं लिहिलंत हे बरं केलंत. पण आई धुलाईखात्यातून येऊन पाय पाण्यात सोडून बसायची ते मला रोज आठवतं, आणि त्याच वेळी तुमच्याकडे लोक नाचत होते हेही आता आठवतं. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुमच्या बायकोच्या बश्या सुंदर आहेत. कृपा करून पुन्हा पत्र पाठवू नका.

त्याने पाठवलं नाही. ग्लेनिसच्या मनात होतं की नाताळचं एखादं कार्ड तरी धाडावं. तो म्हणाला, “तिने नको म्हटलंय.” बस्स.

सत्त्याऐंशीत कारखाना बंद पडला. नेव्हिलला एका शाळेत राखणदाराची नोकरी मिळाली. रविवारी तो येत राहिला, पण टेबलामागे क्वचितच. वेळ पुन्हा सुरुवातीची, लोक कोट काढत असतानाची. कुणी येऊन विचारलं की हे गाणं कुणाचं, तर तो खिशातून कागद काढून सगळं लिहून द्यायचा, गायकाचं नाव, गाव, साल, वाजवणाऱ्यांची नावं माहीत असली तर तीही. नवी पोरं त्याला हसायची. “म्हाताऱ्याला एक विचारलं तर पोथी लिहून देतो.” तो हसण्यावारी न्यायचा.

एकदा नाव बाहेर पडल्यावर ओडेसा ग्रिग्जच्या आणखी तीन प्रती दोन वर्षांत सापडल्या. एक डेस्मंडलाच मिळाली. तो ती आमच्याकडे लावायचा, आणि आधी नाव नीट उच्चारायचा, हे त्याचं कौतुक. ढोल सुरू झाला की नेव्हिल उठायचा, माझ्यासमोरून जिना उतरून जायचा आणि खाली गाड्या लावतात तिथे उभा राहायचा. थंडी असो, पाऊस असो. पहिल्या वेळी मी त्याच्या मागे गेले होते.

“ऐकवत नाही का रे?” मी विचारलं.

“इथेही ऐकू येतंय,” तो म्हणाला. “वर नाचावंसं वाटतं. ते नको वाटतं.”

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तो गेला, शाळेच्या बॉयलरच्या खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. वर्तमानपत्रात छोटीशी बातमी आली. तिच्यात त्याचं नाव नॉर्मन छापलं होतं. ग्लेनिसने कात्री घेऊन ती कापून ठेवली. मी म्हटलं, फोन करून दुरुस्त करायला सांगूया. ती म्हणाली, “हो, कर.” मी केला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आतल्या पानावर, अगदी खाली, एका ओळीत दुरुस्ती छापली.