पानवाडीचे अठरा दिवस

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. चौथीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं आणि डोक्यावर मिठाची टोपली आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी माफी मागते, कारण लिहिताना समोर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आणि माझ्यासमोर फार दिवस कुणी बसलेलं नाही.

महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा होता. नानांनी आम्हा सात बायांना वाडीच्या फाटकाबाहेर ओळीत उभं केलं. नाना म्हणजे पानवेलीच्या वाडीचे मालक. आम्ही त्यांच्याकडे पानं खुडायला होतो. वाडीच्या उत्तरेकडचे वेल पिवळे पडून माना टाकत होते. चाळीस तरी असतील.

नानांची बायको, तिला आम्ही काकी म्हणायचो, ओळीच्या पहिल्या टोकाला येऊन उभी राहिली.

"खरं सांगा. कोन बाहेरची असताना आत शिरली?"

पाळीतल्या बाईनं पानवेलीत पाऊल टाकलं की वेल जळतो, असा तिथला नियम. चपला फाटकाशी काढायच्या आणि पाळी आली तर चार दिवस घरी बसायचं. त्या चार दिवसांची मजुरी नाही. रोज सकाळी काकी विचारायची, "आज कोनी बाहेर नाय ना?" आम्ही माना हलवायचो आणि आत जायचो.

त्या दिवशी मान हलवून भागलं नाही. काकी एकेकीला तारीख विचारत होती. समोर नाना. त्यांच्या शेजारी पानांच्या करंड्या न्यायला आलेला व्यापारी, सायकल धरून. मागे इंजिन चालवणारा गडी. एवढ्या पुरुषांसमोर एकेक बाई आपली तारीख सांगत होती. काशी माझ्या आधी होती. तिनं तर मोठ्यानं सांगितली, "अमावास्येला झाली, काकी. आता हवं तर माज्या सासूला विचारा." दोघीतिघी हसल्या.

मग माझ्यासमोर.

"तुजी?"

मी गप्प.

"तुजी गो. तोंड हाय का नाय?"

मी खाली बघत राहिले. कान तापले. 

"बघा," काकी नानांकडे वळली. "हीच. तोंडच सांगतंय तिचं."

नाना म्हणाले, "मिठागरातल्या बाया. ह्यांना सोवळं काय, ओवळं काय. काशीच्या शब्दावर ठेवली हिला." मग माझ्याकडे न बघता, "अठरा दिवस भरलेत तुझे. ते विसर. चाळीस वेल मारलेस. मी तुझ्याकडे भरपाई मागत नाही, हे उपकार समज."

मी निघाले. पाठीमागे काकीनं मी उभी होते त्या जागेवर शेणपाणी शिंपडलं. थोडं माझ्या टाचांवर उडालं. व्यापाऱ्यानं सायकल जरा बाजूला घेतली, मी जाताना तिला लागू नये म्हणून.

खरं एका वाक्याचं होतं. मला चौथा महिना लागला होता. पाळी येणार कुठून?

ते वाक्य मी बोलले नाही, कारण पोटुशी बाईला नाना कामावर ठेवत नसत. ओणवं राहून खुडायचं काम, मध्येच काही झालं तर त्यांच्यावर नको, असं ते म्हणत. मी ओटीपोट लुगड्याखाली घट्ट बांधून यायचे. खरं सांगितलं असतं तरी काम गेलं असतं. आणि पुरुषांसमोर ते उच्चारायचं? नवऱ्यालासुद्धा मी तोवर सांगितलं नव्हतं.

नवरा तेव्हा सुरतेकडे होता. आधी तो मुंबईच्या गिरणीत बदली कामगार. गिरण्या बंद पडल्या तशी आमच्या आचोळे गावातली सगळी पुरुषमंडळी घरी आली आणि ओट्यांवर बसून राहिली. काही महिने आज उघडतील, उद्या उघडतील. मग एकेक पांगला. दिवाळीनंतर माझाही गेला, कुठे माग चालवायला मिळतो का बघायला. मोठ्या मुलीला मी माझ्या आईकडे पाठवलं. तिथे निदान पेज होती.

माझं स्वतःचं काम त्याच्याही आधी गेलं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मिठागर. जानेवारी ते मे मीठ ओढायचं, टोपल्या वाहायच्या, ढीग लावायचा. तळपायांना भेगा, बोटांना भेगा, पण ते काम मला येत होतं. ठेकेदार दोन हंगाम म्हणत होता, मिठाला गिऱ्हाईक नाही. तिसऱ्या वर्षी तो आलाच नाही. दुसरीच माणसं आली, साखळी टाकून जमीन मोजायला. तिथे आता इमारती होणार होत्या.

मग मी दारं पुजली. पूर्वेला पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकचा कारखाना होता, तिथे गेले. दरवानानं विचारलं, "शिकलीस किती?"

"चौथी."

"ती भिंत दिसते? तिच्या सावलीत बसलेल्या सगळ्या चौथीच आहेत. दोघी तर सातवी. बस तूपण."

आठ दिवस बसले. नवव्या दिवशी गेले नाही. काशी माझ्याच आळीतली. ती म्हणाली, पश्चिमेला पानवाडीत बाई हवी आहे. म्हणून मी पहाटे उठून, रेल्वेचं फाटक ओलांडून, सोपारा मागे टाकून दीड तास चालत नानांच्या वाडीत जाऊ लागले. रोज सहा रुपये, महिन्यानं हिशोब. पान कसं खुडायचं ते काशीनं शिकवलं. देठाला नख लावायचं, पानाला नाही. माझ्या बोटांच्या भेगांनी पानांवर ओरखडे उठायचे, म्हणून मी रात्री खोबरेल चोळून झोपायचे.

आता वेलांचं सांगते. ते मी मारले नाहीत हे मला तिथे उभी असतानाच माहीत होतं.

नानांनी त्या हिवाळ्यात विहिरीवर नवं इंजिन बसवलं होतं. आधी रहाट होता. इंजिन सकाळ-संध्याकाळ पाणी ओढायचं. एके दिवशी उत्तरेकडच्या पाटाच्या कडेला मला पांढरं दिसलं. बारीक, भुरभुरीत. बाकीच्यांना ती सुकलेली माती वाटली असेल. मी बारा हंगाम मिठागरात काढले होते. पाणी आटताना कडेला पहिलं काय धरतं ते मला झोपेतही ओळखू येतं. मी बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारं.

मी कधी मालकाशी आपणहून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. नाना करंड्या मोजत होते.

"नाना, पाटाचं पानी खारं झालंय."

त्यांनी वर बघितलं. मग हसले. "मिठागरातून आलीस ना? तुला तुझी थुंकीपण खारट लागणार."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग आहे, माझ्या स्वतःच्या हसण्याचा.

पंधरवड्यानं वेल पिवळे पडले. आणि ओळ लागली.

काम गेलं त्यापेक्षा पुढचं वाईट होतं. मी दुसऱ्या वाड्यांत गेले. वटारपासून राजोडीपर्यंत फिरले. कुणी फुलं तोडायला बायका घेत होतं, कुणी केळीच्या बागेत. फाटकाशी पोचायच्या आधी माझी गोष्ट पोचलेली असायची. एका बाईनं तर चांगल्या आवाजात सांगितलं, "बाय, तुझ्याबद्दल माझ्या मनात काय नाय. पन झाडाला कसं समजावू?"

आमच्या आळीतही काशी माझ्याकडे येईनाशी झाली. माझ्याशी बोलताना दिसली तर तिचंही काम जाईल, हे मला कळत होतं. कळलं म्हणून घर भरत नाही. मी संध्याकाळी दार लोटून बसायचे. पोटातलं हलायला लागलं ते मला एकटीला कळलं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून चुलीला सांगितलं. हे लिहितानाही लाज वाटते.

चैत्रात एक काम मिळालं. आमच्या चाळीमागे एक गाळा होता, तिथे शर्टाची बटणं पुठ्ठ्याच्या कार्डावर शिवून द्यायची. एका कार्डाला बारा बटणं, बारा कार्डांचा एक ग्रोस. मजुरी ग्रोसवर. पहिल्या दिवशी मी दोरा इतका ओढला की कार्डं फाटली. मिठाची टोपली दाबून भरायची सवय, बटणाला तेवढा जोर लागत नाही. दोरा बोटांच्या भेगांत अडकायचा. तिथली सुपरवायझर बाई तरुण होती. ती म्हणाली, "मावशी, बटण पळून नाही जाणार. हळू." दुसऱ्या आठवड्यात मी दिवसाला नऊ ग्रोस करू लागले.

पहिल्या शनिवारी तिनं माझी कार्डं मोजली, वहीत आकडा लिहिला, पैसे दिले, सही घेतली. माझं पोट तिला दिसत होतं. तिनं विचारलं नाही. आज अंग कसं आहे, कुठून आलीस, कुणाच्या शब्दावर आलीस, काही नाही. कार्डं किती, एवढंच. गाळ्याची ती काही माया नव्हती. काम कमी झालं की ते आम्हाला एका दिवसात काढणार, हेही मला दिसत होतं. पण पैसे हातात घेऊन घरी येताना मी रस्त्यात उभी राहिले. माझे अठरा दिवस आठवले. पानं मीच खुडली होती. ती पानं विकली गेली होती, कुणी खाऊनही टाकली होती. मग माझे पैसे कुठे होते?

त्या रात्री मी स्वतःशी मोठ्यानं बोलून बघितलं. "माझे अठरा दिवस द्या." आवाज फुटायचा नाही. रोज कार्डं शिवताना मनात म्हणत राहिले.

वैशाखातल्या एका रविवारी गाळा बंद होता. मी चालत निघाले. सातवा महिना. दीड तासाच्या वाटेला अडीच तास लागले. मी मुद्दाम त्याच वेळेला पोचले, करंड्या भरायच्या वेळेला. सगळे होते. नाना, व्यापारी, बाया, काशी. मी फाटकासमोरच्या दगडावर बसले.

नानांनी बघितलं. "काय गो? आता कशाला?"

"माझे अठरा दिवस."

"वेल कुणी मारले?"

मी उठले. उठायला वेळ लागला. पदर पोटावरून बाजूला केला आणि तशीच उभी राहिले. मोठ्यानं बोलायचं होतं ते सगळं विसरले. एवढंच निघालं, "सातवा चालू आहे, नाना. तुम्हीच मोजा."

 काकी माझ्या पोटाकडे बघत होती. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकू लागला. वैशाख, चैत्र, फाल्गुन, माघ. माघावर अंगठा थांबला.

काशी करंडीवरून म्हणाली, "काकी, पेरं संपली का? माझी देऊ?"

कुणी हसलं नाही. मी विहिरीकडे बघितलं. नव्या इंजिनावर गोणपाट टाकलं होतं. बाजूला रहाट पुन्हा उभा केला होता. म्हणजे इंजिनाच्या उपशानं विहिरीत खारं पाणी शिरलं, हे नानांना कळलं होतं. कधी कळलं कोण जाणे. मला कुणी सांगायला आलं नव्हतं.

व्यापारी हळूच म्हणाला, "नाना, पोटुशी बाई दारात आलीय. तशी नका पाठवू."

काकी लगबगीनं आत गेली. सुपात तांदूळ, नारळ, खणाचं कापड घेऊन आली. डोळ्यांत पाणी. "ये गो बाय. ओटी भरते. झालं-गेलं मनात धरू नको."

माझी तोवर कुणी ओटी भरली नव्हती. नवरा लांब, आई लांब. तो नारळ बघून माझे हात आपोआप पदराकडे गेले, हे खरं आहे. पदर मी धरलाही होता.

मग सोडला.

"ओटी नको, काकी."

"असं बोलू नये. अपशकुन होतो."

"तेव्हा माझ्या अंगाला विटाळ म्हणालात आणि मजुरी कापलीत. आता त्याच अंगाला नारळ देताय. माझ्या अंगाचं राहू दे. मी पानं खुडली, त्याचे पैसे द्या."

एवढं लांब वाक्य मी आयुष्यात पुरुषांसमोर बोलले नव्हते.  तरी मी खाली बसले नाही.

नाना आत गेले. आले ते पन्नास रुपये घेऊन, फाटकाच्या खांबावर ठेवले. "घे. बाकीचं बघू पुढे. आणि काम हवं असेल तर बाळंत झाल्यावर ये. तुला पान चांगलं कळतं."

"काम नको. अठरा सक एकशे आठ. आणि खांबावर नको, हातावर मोजा."

 नानांना वाटलं मी जाईन. मी गेले नाही. ऊन चढलं. व्यापाऱ्याच्या करंड्या तशाच राहिल्या, पानांवर पाणी मारायला हवं होतं आणि कुणी हलत नव्हतं. शेवटी नाना परत आत गेले.

यापुढे कुणाच्या फाटकाशी मी माझी तारीख सांगणार नाही. पोटातली मुलगी असेल तर तीही सांगणार नाही, हे तिला मी बोलायला येण्याआधी शिकवीन. कुणी हसवलं म्हणून हसणार नाही. गाळ्यातलं काम गेलं तर दुसरं शोधीन, तेही गेलं तर तिसरं, एकटी शोधीन. पण केलेल्या कामाचे पैसे दयेनं घेणार नाही आणि लाजेनं सोडणार नाही.

नानांनी माझ्या तळहातावर दहा रुपयांच्या दहा नोटा ठेवल्या, एक पाचाची आणि तीन रुपये सुटे. मी त्यांच्यासमोर उभी राहून सगळे मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. एकशे आठ. पुरे होते.