सोमवारचा उपास करणारी झाडं

भाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हशीचा आवाज काढत होतो. फोंडाघाटला एका बारशाला माझा नकलांचा कार्यक्रम होता, पोरंटोरं पुढ्यात बसलेली, आणि खिशात मोबाईल थरथरला. पलीकडे आई. "पक्या, भाई गेले रे..." मला वाटलं माझीच फिरकी घेतेय, कारण आमच्या घरात फोनवर खरं बोलायची पद्धत मीच मोडून ठेवलेली. म्हटलं, "आवाज बरो काढलंस गो." पलीकडून हुंदका आला. मग कळलं. दीड महिना झाला, ती म्हैस अजून अर्धीच आहे.

भाई म्हणजे आमचे शेजारी, मालवणात बर्फाच्या कारखान्यातले वायरमन. बोलताना अडखळायचे. पहिला शब्द तीनदा टिकटिकायचा, मान डावीकडे जायची आणि मग वाक्य लख्ख पेटायचं... जुन्या ट्यूबलाईटसारखं. अख्खी वाडी त्यांना पाठीमागे 'स्टार्टर' म्हणायची. नाव कुणी ठेवलं ते विचारू नका. काकी, म्हणजे त्यांची बायको, तेवढी कधी त्यांचं वाक्य स्वतः पुरं करायची नाही. हातात उलथनं असलं तरी ते तसंच धरून थांबायची.

मी एकोणीस वर्षांचा असताना गणपतीच्या मंडपात भाईंची नक्कल केली. मंडप हसून आडवा. खाली उतरताना दिसलं, शेवटच्या रांगेत भाई बसलेत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी मला गाठलं. म्हटलं, आज दात मोजायला लागणार. "च-च-चांगला करतंस रे मेल्या. पण माजी मान खंय गेली? ती इसारलंस!" मी खाली बघायला लागलो तर म्हणाले, "तुका बघूक येता. सांजचो घराक ये, एक वस्तू दाखयतंय."

मागच्या खोलीत एक ट्यूब टांगलेली, तिच्याखाली वीतभर अंतरावर मासळीचा थर्माकोलचा खोका, आणि खोक्यात ओली रेती. भाईंनी हातात भिंग दिलं.

"काय दिसता?"

"रेती."

"परत बघ."

असं चारदा झालं. पाचव्यांदा दिसलं, टाचणीच्या डोक्याएवढं लालसर रोप. त्याच्या पानावर केसांसारखे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला चिकट थेंब. दवबिंदू म्हणतात त्या झाडाला. थेंबाला चिलट चिकटलं की पान हळूच मिटतं आणि झाड त्याला जिरवतं. लहानपणी सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, गुरं राखताना भाईंनी ते बघितलेलं. पावसात येतं, ऊन तापलं की जळून जातं. भाईंना ते बी पडल्यापासून फुलापर्यंत डोळ्यांसमोर बघायचं होतं, म्हणून हा ट्यूबचा सूर्य.

बी म्हणजे मिरपुडीची नात. ते मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं, त्याला उजेड लागतो. खत अजिबात नाही. पाणी फक्त पावसाचं, भाई ते कॅनमध्ये भरून ठेवायचे. लोडशेडिंग सुरू झालं की झोपाळ्यावर बसून, एसटी चुकलेल्या माणसासारखे त्या खोलीकडे बघत राहायचे. रोपं मोठी झाली की सुईच्या टोकावर चिलट धरून भरवणं माझ्याकडे. एकदा काकीने पानावर तळलेल्या बांगड्याचा तुकडा ठेवला. "पाव्हणो उपाशी कसो ठेवतलंय?" पान कुजलं. पण तिचा दुसरा कायदा भाईंनी निमूट मानला, "सोमवारी ह्या घरात मासो नाय, तर झाडांक पण नाय." सहा वर्षं आमची मांसाहारी झाडं दर सोमवारी उपाशी राहिली.

त्या खोलीत मी गप्प बसायला शिकलो. आईला अजून पटत नाही. पण माणूस बोलायच्या आधी त्याचं काय काय हलतं हे मला दिसायला लागलं ते तिथे, त्या रेतीकडे बघता बघता. आज लोक मला लांबून बोलावतात, त्याचं कारण ती खोली.

बी आम्ही दरवर्षी सड्यावरून आणायचो. गेल्या हिवाळ्यात चिरेखाण तिथवर पोचली. भाईंनी सुकलेली झाडं कागदावर झटकली, चिमूटभर बी मिळालं. पुढच्या महिन्यात तिथे खड्डा. त्या सड्याचं म्हणून जे उरलं ते आमच्याकडे. झाडं फुलवायची, बी धरायचं आणि पावसात दुसऱ्या सड्यावर नेऊन टाकायचं, असा भाईंचा बेत.

एप्रिलमध्ये भाईंना गोव्याच्या इस्पितळात ठेवलं, काकी सोबत गेली. घर आणि झाडं माझ्यावर. आणि नेमके भाईंकडे मुंबईचे पाहुणे आले. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. आम्ही पिढ्यानपिढ्या पितो, पण पाहुण्यांनी चहाला तोंड वाकडं केलं. मग काय, मी कॅन उघडला. चार दिवस पाहुणे पावसाच्या पाण्याचा चहा पीत होते, माझं कौतुक करत होते. ते गेल्यावर कॅन विहिरीवर भरून ठेवला. आम्हाला चालतं ते पाणी झाडांना न चालायला काय झालं? आठ दिवसांत खोका काळा पडला. एक रोप उरलं नाही.

भाई घरी आले ते अर्धे होऊन. मी त्यांना इस्पितळातल्या डॉक्टरची नक्कल करून दाखवली, न बघितलेल्या. ते हसले. मग म्हणाले, "झ-झ-झाडां?" सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच निघेना. "भ-भ-भाई..." माझी मान आपोआप डावीकडे गेली.

भाई बघत राहिले. मग म्हणाले, "आज बरोबर जमला हां."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग उशाखालून फोटोच्या रिळाची डबी काढून हलवली. आत काहीतरी सुळसुळलं. "बर्फाच्या कारखान्यात कधी एका मशीनवर रवतत? दुसरा ष्टँडबाय आसताच. अर्धा बियाणा ठेवलेला आसा. पाऊस पडांदे, मगे पेरूया."

पाऊस पडला. भाई नव्हते.

बारावं झाल्यावर काकीने ती डबी माझ्या हातात दिली. या वेळी कॅन मी स्वतः भर पावसात उभं राहून भरला. रोज जातो, ट्यूब लावतो, भिंग घेतो. महिनाभर नुसती रेती. हे बी गेलं तर सडाही गेला आणि भाईंचा शब्दही... आज सकाळी बटण दाबलं. काकी मागे सुपात तांदूळ पाखडत होती. स्टार्टर टिकटिकला, एकदा, दोनदा, तीनदा. आणि सूप थांबलं. वळून बघितलं तर काकी सूप तसंच धरून उभी, मान किंचित पुढे. मीही थांबलो. मग ट्यूब लख्ख पेटली.

रेतीत एक लालसर ठिपका होता. मी परत बघितलं. दोन होते.

"इली गो काकी!" मी ओरडलो. "चिलट पकडून आणू?"

तिने पदराने डोळे पुसले. "मेल्या, आज सोमवार."