डब्यातली चिठ्ठी

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल — माफ करा. चौथीच शिकले मी. आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

माझी मुलगी स्वाती ज्या कॉलेजात शिकली, तिथंच मी झाडझूड करते. तीन वर्षांमागं तिच्या सरांनी उपक्रम काढला. दोन-दोन मुलांच्या जोड्या. वर्षभर एकमेकांच्या घरी जायचं, वस्तीतल्या पाण्याच्या, नाल्याच्या तक्रारी लिहायच्या, मिळून महापालिकेत न्यायच्या. जोड्या चिठ्ठ्या टाकून — म्हणजे कुणी आपलीच जात, आपलाच धर्म धरून बसणार नाही.

"मावशी, तुम्हीच काढा," सर म्हणाले. "तुमचं कुणाशी वाकडं नाही."

नव्हतं? मलाही तसंच वाटायचं.

बिस्किटांचा डबा होता. मुलांनी आपापली नावं लिहून टाकलेली. मी चिठ्ठी उघडून सरांना द्यायची. मला वाचता येतं, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. एक उघडली — स्वाती. दुसरी उघडली — नसरीन.

छावणी भागातली नसरीन. भेटली की हातातली बादली घ्यायची, "मावशी, दम घ्या की जरा," म्हणायची. पण ती आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत येणार, स्वाती तिच्या घरी जेवणार — शेजारी काय म्हणतील? एवढंच आलं मनात. एवढंच पुरलं.

"दोन चिकटून आल्या, सर," म्हणाले, आणि तिचं नाव परत डब्यात टाकलं. पुढची निघाली पूजा. पुंडलिकनगरची, आमच्याच जातीची.

मुलांची संख्या विषम होती. शेवटी एकच चिठ्ठी उरली — तिचीच. सर म्हणाले, कुठल्याही जोडीत जा. कुणाकडं जाणार ती? चार दिवस वर्गाच्या दारात उभी राहिली, मग येईनाशी झाली. मी तिच्यासमोरून झाडत जायचे.

बाकीच्या काही जोड्या अजून एकमेकांच्या वस्तीसाठी महापालिकेत जाऊन भांडतात. स्वाती-पूजानं घरी बसून वही भरली, प्रमाणपत्र आणलं.

परवा शेजारची खोली बघायला एक मुसलमान कुटुंब आलं. स्वाती घरमालकाला म्हणाली, "काका, त्या लोकांना नका देऊ." चीड आली मला. घरात आल्यावर म्हणाले, "असं बोलतात व्हय गं?"

"लई शहाणी झालीस, आई! आपल्या घरी आलंय का कधी त्यांच्यातलं कुणी?"

चीड तरी कुणावर काढणार? ते कुटुंब रिक्षात बसून निघून गेलं.

नसरीनचं अक्षर सुरेख होतं. मला एका नजरेत वाचता आलं.