भाऊजींच्या प्रथिनाची घडी
लांब वस्तू हाती आली की ती सरळ राहू द्यायचीच नाही, असा माणूस साऱ्या नागपुरात एकच होता आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. भाऊजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. प्रथिनाची साखळी शरीरात आपोआप एका ठरावीक आकारात दुमडते. तो आकार गणिताने शोधायचा, हा त्यांचा ध्यास. सुतळी, ताईची लोकर, पायजम्याची नाडी, बोलता बोलता काहीही पिळत बसत. माझ्या लग्नात हार त्यांच्या हाती दिला, तर मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याचा असा गुंता झाला की सोडवायला करवल्या बसल्या. "कमीत कमी ऊर्जेत बसवून पाहत होतो," ते शांतपणे म्हणाले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांना एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर रविवारी काम करायची परवानगी मिळाली. ऊर्जेचा प्रदेश म्हणजे डोंगरदऱ्या, असं ते सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी मला समजावत. साखळीला सगळ्यांत खोल, म्हणजे सगळ्यांत कमी ऊर्जेची दरी हवी असते, पण ती मधल्याच एखाद्या खड्ड्यात अडकते. "म्हणून तिला अधूनमधून चढही चढू द्यावा लागतो," असं म्हणत ते हमखास लांबच्या रस्त्याने घरी नेत. भाजी आणतानाही तेच. ताई तोवर पिठलं टाकून मोकळी झालेली असे.

बरीच वर्षं गेली आणि एका रविवारी ते धावतच आले. मशीनने कधी नव्हे एवढी खोल दरी दाखवली होती. गल्लीभर त्यांनी स्वतः पेढे वाटले. आठवडाभरात चूक सापडली. एका सूत्रात अधिकच्या जागी उणे पडलं होतं, त्यामुळे एकमेकांना दूर लोटणारे अणू चक्क एकमेकांच्या पोटात शिरून बसले होते.

दुसरा कुणी गप्प बसला असता. भाऊजी पुन्हा दारोदार गेले, सोबत मी. "परवाचे पेढे चुकीच्या उत्तराचे होते," असं ते प्रत्येकाला सांगत. शेजारच्या काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "पेढा तं बराबर होता ना, सर? मंग झालं."

घरी आल्यावर मात्र ते नुसते बसून राहिले. ताईने चहा पुढे ठेवला.

"काहून असे बसून राहिले? मशीन बंद पडली का?"

"नाही."

"मंग येत्या रविवारी जा ना. डबा करून देते मी."

ते गेले. निवृत्त होईपर्यंत जात राहिले. खरी दरी काही त्यांना सापडली नाही.

आता नवी यंत्रं प्रथिनांचे असे आकार झटक्यात सांगतात म्हणे. परवा मी ताईला ते सांगितलं; भाऊजी ऐकायला राहिले नव्हते. ती म्हणाली, "त्यायले सांगाले पाहिजे होतं गा. कोणाले का सापडेना, खूश झाले असते ते."