दोन्हीकडची शिकवणी

एमआयडीसीतल्या कारखान्यात नव्या कामगारांना चारचौघांत बोलायला शिकवणारी शुभदा एकोणीसशे नव्याण्णवच्या दिवाळीनंतर साहेबांना रामराम ठोकून घरी आली आणि महाडच्या आपल्या ओटीवर पाटी लावून बसली : 'मुलाखतीची तयारी करून मिळेल.'

नवरा गंगाधर म्हणाला, "शिमग्यापर्यंत बघू. नाही चाललं तर साहेबांना जाऊन भेट." पुन्हा त्या माणसापुढे उभं राहायचं? छे! त्यापेक्षा तिनं जन्मभर पापड लाटले असते.

नोकरीच्या मुलाखतीसाठी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आले ते लग्नाच्या मुलाखतीसाठी! कांदेपोहे पुढ्यात आले की दातखीळ बसणाऱ्या पोरापोरींना त्यांच्या आया मागच्या दारानं आणू लागल्या. "शिकवा हो बाई, पण कुणाला कळू देऊ नका." शुभदानं शब्द दिला आणि पाळला. कोण कुणाला बघायला चाललंय, हेसुद्धा ती विचारायची नाही.

महाडचा वरद असाच आला, कपाळाचा घाम पुसत. पोलादपूरची मैथिलीही आली. ती मात्र इतकं बोलायची की घाम तिच्या आईला फुटायचा. "राग आला तर काय करता?" हा बघण्याच्या कार्यक्रमातला हमखास प्रश्न. त्यावर शुभदानं दोघांनाही आपल्याच घरातला तोडगा दिला : आधी तांब्याभर पाणी प्यायचं, मग भांडायचं. खरं म्हणजे ती हे सगळ्यांनाच सांगायची. नवं उत्तर शोधायचा कंटाळा, दुसरं काय!

आणि नेमका वरद मैथिलीला बघायला गेला. मैथिलीच्या मामानं रागाचं विचारलं, वरद झकास बोलला. मग त्याच्या आत्यानं तेच मैथिलीला विचारलं. तेच उत्तर, त्याच सुरात!

"शुभदाताई?" मैथिलीनं हळूच विचारलं. वरदनं मान हलवली, आणि दोघं अशी हसत सुटली की पोहे सांडले.

आयांना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी शुभदाच्या ओटीवर हजर.

"फसवणूक हाय ही! आमच्या पोरीला काय ठाऊक, खरा मुलगा कसा हाय ते?"

"आणि आमच्या मुलाला ठाऊक होतं वाटतं?"

शिमगा तोंडावर, त्यात ही बोंब गावभर झाली की क्लास बुडालाच. शेवटी शुभदानं दोघींपुढे एकेक तांब्या पाणी ठेवलं. रागारागानं का होईना, दोघी घटाघट प्यायल्या. मग भांडायचं नेमकं कशावरून, हेच कुणाला आठवेना.

पोरं तर हटूनच बसली होती. लग्न ठरलं.

लग्नाच्या आधी वरदची आई मागच्या दारी आली. कडी गंगाधरनंच काढली; साहेबांचं नाव घेणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

"सून यायच्या आत मला जरा सासूपण शिकवा," ती कुजबुजली. "पण विहीणबाईंना कळू देऊ नका हं."

"या की," शुभदा म्हणाली. "फक्त मंगळवार सोडून."

मंगळवारी मैथिलीची आई यायची, जावयाशी कसं बोलावं ते शिकायला.